टेरोडॅक्टिलस खरंच एवढासा होता, की आपण त्याची पिल्लंच बघतोय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातवीतल्या मुलीला विज्ञान प्रदर्शनासाठी टेरोडॅक्टिलसचं मॉडेल करायचं आहे. एका पुस्तकात तो चिमणीएवढा दाखवलाय, दुसऱ्यात घारीएवढा. एका चित्रात तो वटवाघळासारखा उलटा लटकलेला आहे, तर दुसऱ्यात माशावर झडप घालतोय. मग खरं काय, तो खायचा काय, पिल्लं सांभाळायचा का, आणि आपल्या महाराष्ट्रात तो सापडतो का?

मी जीवाश्म दगडातून मोकळे करण्याचं काम करते. बावीस वर्षं झाली. त्यातली चौदा दक्षिण जर्मनीत गेली, ज्या चुनखडीतून टेरोडॅक्टिलस निघतो त्याच चुनखडीवर. शोधनिबंध लिहिणारी मंडळी वेगळी, पण दगडाची फळी त्यांच्याकडे जाण्याआधी माझ्यासारख्यांच्या टेबलावर येते. त्यामुळे उत्तर हाडांकडून सुरू करते.

तुम्ही आकाराची तफावत सहज सांगून पुढे गेलात, पण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. दोन्ही पुस्तकांनी खरा जीवाश्म पाहूनच चित्र काढलेलं असू शकतं. एकाने पिल्लू पाहिलं, दुसऱ्याने मोठा प्राणी. हा घोळ काही आजचा नाही, दोनशे वर्षं चालत आलाय, आणि वटवाघळासारखं लटकणंही त्यातूनच आलंय.

आधी एक गोष्ट मुलीच्या तक्त्यासाठी. टेरोडॅक्टिलस डायनोसॉर नव्हे. तो टेरोसॉर गटातला, म्हणजे उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांतला. टेरोसॉर हे डायनोसॉरांचे जवळचे भाऊबंद, पण घर वेगळं. पक्षी आले ते डायनोसॉरांकडून, टेरोसॉरांकडून नाही. वटवाघूळ तर सस्तन प्राणी, त्याचा इथे काहीच संबंध नाही. टेरोसॉरचा पंख एकाच बोटावर ताणलेला असतो. आपल्या हाताच्या हिशेबाने ते करंगळीशेजारचं, अनामिकेचं बोट. बाकीची तीन बोटं लहान, नखं असलेली. वटवाघळाच्या पंखात अनेक बोटं छत्रीच्या काड्यांसारखी पसरलेली असतात. मॉडेल करताना हा फरक चुकला, तर कितीही सुबक केलं तरी ते वटवाघूळच होणार.

आता दगडाकडे येऊ. बव्हेरियात आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यात सोलनहोफेन आणि आइखश्टेट ही गावं आहेत. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यात बेटं, प्रवाळ आणि स्पंजांचे बांध, आणि त्यांच्या आडोशाला खारकच्छं, म्हणजे समुद्रापासून जवळपास तुटलेली खाऱ्या पाण्याची उथळ तळी. त्या कच्छांच्या तळाचं पाणी इतकं खारट आणि प्राणवायूविना साचलेलं, की तिथे पडलेलं मढं खायला फारसं कोणी यायचं नाही. वर चुन्याचा पिठासारखा बारीक गाळ बसत गेला. त्याच गाळाचा हा दगड झाला. त्याचे थर पाटीसारखे सुटतात. कठीण, शुद्ध थरांना तिथले खाणकामगार फ्लिंत्स म्हणतात आणि मधल्या ठिसूळ, मातकट थरांना फॉयलं. पूर्वी शिळाछापखान्यांना लागणारा उत्तम दगड याच खाणींतून जगभर जात असे. छपाईसाठी लोक हा दगड एकेक फळी सोलत, तपासत काढत होते. म्हणूनच इतके नाजूक जीवाश्म माणसाच्या नजरेस पडले.

माझ्या टेबलावर फळी येते तेव्हा हाडं बहुतेक वेळा पूर्ण दिसत नाहीत. मळकट पिवळ्या दगडावर तपकिरी रेघ असते आणि ती एके ठिकाणी दगडाखाली जाते. शेजारी काळ्या नेच्यासारखी नक्षी असते. पाहुण्यांना ती वनस्पती वाटते, पण ते मँगनीज आणि लोहाच्या खनिजांचं झाड आहे, त्यात जीव कधीच नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली सुई धरून कणाकणाने दगड उडवायचा. टेरोसॉरचं हाड पोकळ, त्याची भिंत कागदासारखी पातळ, आणि वरच्या भाराने ते पापडासारखं चेपलेलं. सुई जरा जोरात बसली, तर हाडाचा टवका उडालाच. सुरुवातीच्या वर्षांत मी एका पंखामागचा फिकट डाग मळ समजून घासून काढला होता. नंतर अतिनील दिव्याखाली उरलेली कड चमकली, तेव्हा कळलं की तो पंखाच्या पडद्याचा ठसा होता. तेव्हापासून सुई उचलण्याआधी दिवा लावते. त्या दिव्याखाली हाड आणि मऊ भागाचे अवशेष दगडापेक्षा वेगळे उजळतात, आणि साध्या उजेडात रिकामी वाटणारी फळी अचानक भरलेली दिसते.

समोर छोटा टेरोसॉर आला की मी पहिल्यांदा मापाकडे बघत नाही, हाडांची टोकं बघते. प्रौढाच्या हाडाचं टोक गुळगुळीत, सांध्याचा आकार स्पष्ट. पिल्लाच्या हाडाचं टोक खडबडीत, सच्छिद्र, अर्धवट, कारण तिथे अजून कूर्चा होती आणि ती टिकली नाही. मग कवटीकडे वळते. तुकडे एकमेकांना जुळून गेलेत की सुटे आहेत? मनगटाची, घोट्याची हाडं एकजीव झालीत का? थुतरी आखूड आणि डोळ्याची खोबण अवाढव्य असेल तर संशय पक्का होत जातो. चिमणीएवढा ‘टेरोडॅक्टिलस’ या कसोट्यांना लावला, की जवळपास दरवेळी तो बाळ निघतो.

पूर्वी ही कसोटी लावत नसत. १७८४ साली कोलिनी नावाच्या गृहस्थांनी या प्राण्याचं पहिलं वर्णन छापलं. ते मानहाइमला एका जर्मन संस्थानिकाच्या संग्रहालयाचे प्रमुख होते, त्याआधी फ्रेंच लेखक व्होल्तेअरचे चिटणीस. लांब हात कशासाठी हे त्यांना उमगेना, त्यांनी त्याला समुद्रातला प्राणी ठरवलं. १८०१ मध्ये पॅरिसचे प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी त्याच नमुन्याच्या चित्रावरून ओळखलं, की हा उडणारा सरपटणारा प्राणी आहे. १८०९ साली त्यांनी त्याला ‘पंखबोट्या’ अशा अर्थाचं ग्रीक नाव दिलं, तेच आजचं टेरोडॅक्टिलस. पण म्युनिकचे शरीरशास्त्रज्ञ सॉमरिंग यांना ते पटेना. त्यांना त्यात वटवाघूळ दिसत होतं. १८१७ साली त्यांनी आणखी एक, अगदी छोटा, आखूड तोंडाचा नमुना वर्णन केला आणि त्याची वटवाघळासारखी आकृती काढली. ती आकृती पुस्तकापुस्तकांतून उतरत गेली. आज आपल्याला माहीत आहे, की तो छोटा नमुना एका पिल्लाचा होता, तेही बहुधा टेरोडॅक्टिलसचं नाही, टेनोकॅस्मा नावाच्या दुसऱ्या टेरोसॉरचं. तुमच्या पुस्तकातल्या उलट्या लटकलेल्या प्राण्याची वंशावळ इथपर्यंत जाते.

त्यानंतर जवळपास पावणेदोनशे वर्षं लहान-मोठ्या नमुन्यांना वेगवेगळ्या जातींची नावं मिळत राहिली. १९९५-९६ मध्ये अमेरिकी अभ्यासक ख्रिस्तोफर बेनेट यांनी नमुन्यांची मापं एकत्र मांडली आणि दाखवलं, की यातल्या बऱ्याच ‘जाती’ म्हणजे एकाच जातीची वेगवेगळ्या वयाची मुलं आहेत. नमुने आकारानुसार गटागटाने पडतात, मधे रिकामी जागा. वर्षातून एकाच हंगामात अंडी फुटत असतील आणि वाढ काही वर्षं चालत असेल, तर असेच गट पडतील. नावांवरचे वाद अजून मिटलेले नाहीत, काहींना आणखी जाती दिसतात. मला बेनेट यांचा मूळ मुद्दा पटतो, कारण टेबलावर रोज तेच दिसतं.

तर आकाराचं उत्तर: पूर्ण वाढलेल्या टेरोडॅक्टिलसच्या पंखांचा विस्तार साधारण एक मीटर. आपल्या कावळ्यापेक्षा थोडा जास्त, घारीपेक्षा कमी. मान लांब, डोकं लांबुळकं, शेपटी अगदी आखूड. प्रौढाच्या डोक्यावर मऊ ऊतींचा तुरा असायचा, पिल्लाला नाही.

मग एवढी पिल्लंच का सापडतात? हा प्रश्न मला कित्येक वर्षं छळत होता. संग्रहालयांत पाहिलं तर सोलनहोफेनचे सुंदर, सगळी हाडं जागेवर असलेले टेरोसॉर बहुतेक छोटेच असतात. मोठ्यांचं डोकं मिळतं, पाय मिळतो, सुटं हाड मिळतं. सहज वाटावं, की त्या समुद्रावर छोटे टेरोसॉरच राहत होते. २०२५ साली इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी टेरोडॅक्टिलसच्या दोन अगदी लहान पिल्लांचं वर्णन केलं. दोघांना त्यांनी ‘लकी’ हेच नाव दिलं, पहिला आणि दुसरा. पंखांचा विस्तार २० सेंटिमीटरपेक्षा कमी. दोघांच्याही दंडाचं हाड मोडलेलं, एकाचं डावं, दुसऱ्याचं उजवं, आणि मोड तिरकी, सरळ कापल्यासारखी. कोणी चावलं असतं तर दाताची खूण राहिली असती. गाळाखाली चेपून मोडलं असतं तर चुरा झाला असता. पंखावर एकदम पिळवटणारा जोर आला की अशी मोड होते. म्हणजे वादळी वाऱ्याचा झोत.

वादळाने पिल्लाला खाली पाण्यात आपटलं, ते बुडालं, आणि त्याच वादळाने ढवळलेला चुन्याचा गाळ लगेच त्याच्यावर बसला. म्हणून ते अखंड राहिलं. दणकट प्रौढ अशा वादळातून तरून जात. पुढे शांत हवामानात कधीतरी ते मेले की मढं तरंगत राहायचं, आणि सडताना एकेक तुकडा तळाशी गळून पडायचा. अखंड सांगाडा उरायचाच नाही. या दगडात कोणाची किती गर्दी दिसते ते त्या मरणाच्या तऱ्हेवर ठरलंय. जिवंतपणी आकाशात किती होते, ते त्यावरून मोजता येत नाही. हे वाचलं तेव्हा मी जुन्या फोटोंची फाईल काढून बसले होते. प्रत्येक छोट्या फळीवर दंड शोधत होते.

आता तो जगायचा कसा. इथे सगळ्या गोष्टी सारख्या खात्रीने सांगता येत नाहीत, म्हणून कशावरून सांगते तेही लिहिते.

चालणं सर्वांत पक्कं, कारण त्याचे पायठसे आहेत. फ्रान्समध्ये क्रेसाक इथे साधारण याच काळातल्या चिखलाच्या किनाऱ्यावर टेरोसॉरांच्या चालीच्या रांगा सापडल्या. हात आणि पाय दोन्ही टेकलेले, पंखाचं बोट वर दुमडलेलं, हाताची तीन छोटी बोटं चिखलात उमटलेली. एका ठिकाणी तर उतरतानाची खूण आहे: आधी मागचे दोन पाय टेकले, नखं जराशी फरपटली, मग हात टेकले आणि स्वारी चालू लागली. हे ठसे नेमके टेरोडॅक्टिलसचे आहेत असं म्हणता येत नाही, पण त्याची हाडं याच चालीला जुळतात. म्हणून मॉडेल जमिनीवर ठेवणार असाल तर चारही पायांवर उभं करा. उलटं टांगू नका. त्याच्या मागच्या पायांची बोटं फांदीला अंग टांगून ठेवायला घडलेली नाहीत. उड्डाण घेतानाही तो हातांनीच जमिनीला रेटा देत असावा. २००८ मध्ये अभ्यासक मायकेल हबीब यांनी हाडांच्या ताकदीवरून हे मांडलं. टेरोसॉरच्या दंडाचं हाड मांडीच्या हाडापेक्षा कितीतरी दणकट असतं, पक्ष्यांसारखं पायांवर उसळायचं असतं तर उलट असायला हवं होतं.

खाण्याबाबत तुमच्या पुस्तकातली माशावरची झडप बहुधा शेजाऱ्याकडून उसनी घेतलेली आहे. त्याच कच्छांवर रॅम्फोरिंकस नावाचा लांब शेपटीचा टेरोसॉर राहायचा. त्याचे पुढचे दात बाहेर झुकलेले, माशाला अडकवून धरायला बेतलेले. २०१२ मध्ये वर्णन झालेली एक फळी मी विसरू शकत नाही. रॅम्फोरिंकसच्या घशात छोटा मासा आहे, नुकताच पकडलेला, अजून पोटात न गेलेला. आणि त्याच वेळी अ‍ॅस्पिडोरिंकस नावाच्या मोठ्या, भाल्यासारख्या तोंडाच्या माशाने त्याचा पंख धरलाय. पंखाचा चिवट पडदा माशाच्या दातांत गुंतला, सुटेना, आणि दोघं एकत्र तळाशी गेले. एकाच फळीत दोन शिकारी आणि एक घास. असा पुरावा असला की ‘मासे खायचा’ हे छातीठोकपणे लिहिता येतं.

टेरोडॅक्टिलसच्या दातांची गोष्ट निराळी. मोठ्या प्राण्याला सुमारे ९० दात, बारीक, शंकूसारखे, सरळ जबड्यात टोकापासून बरेच मागेपर्यंत. अडकवून धरणारे लांब सुळे नाहीत. मला तो चिमट्यासारखा जबडा वाटतो: किनाऱ्यावर, उथळ पाण्यात फिरून कोळंबीसारखे जीव, किडे, अळ्या, बारीक मासे, जे हाताशी येईल ते टिपणारा. काही नमुन्यांत पायाच्या बोटांमधला पडदाही उमटलाय, चिखलात चालणाऱ्याला तो उपयोगाचा. माझं हे म्हणणं दात आणि पायांवरून काढलेला अंदाज आहे, रॅम्फोरिंकसच्या घशातल्या माशाइतकं ते पक्कं नाही. आणखी एक धागा जुळतो. डोळ्यातल्या हाडांच्या कड्याच्या मापावरून २०११ मध्ये दोन अभ्यासकांनी काढलं, की टेरोडॅक्टिलस दिवसा वावरायचा आणि रॅम्फोरिंकस रात्री. एकाच कच्छावर दोघांचं भांडण न होता भागायचं, ते असं. मुलीला दोन्ही प्राणी एकाच चित्रात काढायचे असतील तर एकाला उन्हात ठेवा, दुसऱ्याला चांदण्यात.

पिल्लांचं काय? टेरोडॅक्टिलसचं अंडं सापडलेलं नाही. दुसऱ्या टेरोसॉरांची अंडी २००४ पासून चीन आणि अर्जेंटिनातून सापडू लागली, आणि २०१७ मध्ये चीनमधल्या हॅमिप्टेरस या टेरोसॉरच्या एकाच ठिकाणच्या दोनशेहून अधिक अंड्यांचं वर्णन आलं. कवच पक्ष्यासारखं टणक नाही, चामड्यासारखं मऊ. अशी अंडी उबवत बसण्यापेक्षा ओलसर मातीत पुरून ठेवत असावेत. त्यातून निघालेलं पिल्लू लगेच उडायचं का, यावर दोन पक्ष आहेत. हॅमिप्टेरसच्या गर्भांवरून काहींनी सांगितलं, की पंखाच्या स्नायूंची जागा अजून तयार नव्हती, म्हणजे आई-बापांची गरज होती. २०२१ मध्ये दुसऱ्या गटाने पिलांच्या दंडाची ताकद मोजून दाखवलं, की ती उडू शकत होती. मी दुसऱ्या बाजूची. ज्या पिल्लाला जन्मून काही दिवस किंवा आठवडे झालेत आणि ज्याचा दंड हवेतल्या झोताने मोडलाय, ते घरट्यात बसलेलं नव्हतं. आई कुठेतरी जवळ असेलही, पण घास भरवणारी चिमणी डोळ्यासमोर आणू नका. आणि पिल्लू वेगळ्या मापाचं असल्यामुळे त्याचं खाणंही बारीक किड्यांचं, मोठ्यांपेक्षा वेगळं असणार.

महाराष्ट्राबद्दल. आपला बहुतेक दगड काळा बेसॉल्ट, तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात टेरोडॅक्टिलस शोधण्यात अर्थ नाही. पण गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यात, प्राणहितेच्या काठी कोटा गाव आहे. तिथले थर ज्युरासिक काळातले, मासे आणि डायनोसॉरांसाठी जगात नावाजलेले. १९७४ साली तिथल्या तुकड्यांवरून कॅम्पिलोग्नॅथॉइडीस इंडिकस नावाचा टेरोसॉर जाहीर झाला. पुढे अभ्यासकांनी ती ओळख संशयास्पद ठरवली, तुकडे फारच अपुरे आहेत. माझं शिक्षण नागपूरचं, विद्यार्थिदशेत त्या काठावर फिरले आहे, म्हणून मनातून वाटतं की तिथे एक दिवस नि:संशय टेरोसॉर निघावा. तोवर मुलीने तक्त्यावर ‘महाराष्ट्रात सापडला’ असं लिहू नये.

आता मॉडेल. अंगावर खवले नको, बारीक लव दाखवा. १९७१ मध्ये कझाकस्तानातल्या सॉर्डिस या टेरोसॉरवर केसांसारखे तंतू पहिल्यांदा ठळक वर्णिले गेले आणि पुढे इतरांवरही सापडले. पंख प्लास्टिकच्या पिशवीसारखा झिरझिरीत नको, त्यात आतून ताठ तंतू होते, त्यामुळे पातळ कापडावर समांतर दोरे चिकटवले तर बरं जमेल. पंखाच्या बोटाला चार लांब पेरं, पुढे पुढे निमुळती. मनगटापाशी आतल्या बाजूला झुकणारं एक बारीक हाड असतं, ते विसरू नका. ते मान आणि मनगटामधला पडदा ताणायचं, विमानाच्या पंखाच्या पुढच्या झडपेसारखं. रंग तिच्या मनाचा द्या, टेरोडॅक्टिलसचा रंग या दगडात उरलेला नाही.

आणि एकाऐवजी दोन करा, खऱ्या मापात. मोठा एक मीटर पंखांचा, डोक्यावर तुरा, लांब थुतरी, चार पायांवर उभा. शेजारी पिल्लू: आखूड तोंड, मोठे डोळे, तुरा नाही, पंखांचा विस्तार अठरा सेंटिमीटर. तिची दप्तरातली तीस सेंटिमीटरची पट्टी मधे ठेवली तर बघणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागणार नाही. पिल्लाच्या एका दंडावर तिरकी रेघ काढायची का, ते तिला विचारा.